न भाजलेली वीट

पुण्यातल्या एका अर्थशास्त्राच्या संस्थेत मी गेली वीसेक वर्षं आकड्यांचं काम करते. संस्था टेकडीच्या पायथ्याशी आहे. माझं टेबल खिडकीला लागून आहे आणि खिडकीबाहेर एक मोठं रेन ट्री. उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीनंतर सगळी इमारत पेंगुळते. पंखे फिरत असतात, कबुतरं घुमत असतात, आणि झाडाची सावली माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर इतकी हळू सरकते की आकडे पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसायला लागतात. त्या वेळी मी बऱ्याचदा अर्धी जागी, अर्धी झोपेत असते. आमच्या विभागप्रमुख मॅडमना हे ठाऊक आहे. "दोन ते तीन या वेळात तुम्ही भरलेले आकडे मी पुन्हा तपासते," असं त्यांनी मला एकदा अगदी शांतपणे सांगितलं होतं.

त्या वर्षी मॅडमनी एक मोठा अभ्यास हाती घेतला होता. एखादा देश संशोधनावर खर्च करतो, त्यातून कमी धूर करणाऱ्या नव्या वस्तू आणि नव्या पद्धती निघतात. तर त्यामुळे त्या देशाचं कार्बन उत्सर्जन खरंच कमी होतं का? आणि होत असेल तर किती वर्षांनी? माझ्याकडे एक भलाथोरला तक्ता होता. प्रत्येक देशाच्या प्रत्येक वर्षाची एक ओळ. एका रकान्यात संशोधनावरचा खर्च, दुसऱ्यात हरित पेटंटं, शेवटच्यात उत्सर्जन. आज केलेल्या खर्चाचा परिणाम आज दिसत नाही, म्हणून मध्ये काही वर्षांचं अंतर धरावं लागतं. आम्ही तीन वर्षांचं धरलं होतं.

त्या अंतराने आलेखात काहीच घडत नव्हतं. रेघ नुसती आडवी पडून होती.

मॅडमना वाटलं, पेटंटांची वर्गवारी चुकली असेल. कोणतं पेटंट हरित आणि कोणतं नाही हे कॉम्प्युटरने शब्दांवरून ठरवलं होतं. "भारतातली यादी तुम्ही हाताने तपासा," त्या म्हणाल्या. "नावात हिरवा शब्द आहे म्हणून भिंतीचा रंगही आत आला असेल."

आला होताच. पण त्या यादीत आणखी खूप काही होतं. मी दोन-तीन आठवडे नुसती पेटंटं वाचत होते. एकाने न उकळता कापड रंगवायची रीत शोधली होती. एकाने शेतातल्या पंपाला असं काही जोडलं होतं की वीज कमी लागावी. सरकारी, कोरड्या भाषेत लिहिलेली ती पानं दुपारच्या गुंगीत वाचताना मला वाटायचं, ही सगळी माणसं कुठेतरी आपापल्या अंगणात उभी आहेत आणि मी रस्त्याने जाताना त्यांच्याकडे बघते आहे.

त्यातच ती वीट सापडली. गुऱ्हाळाच्या चुलाणातली राख, चुना आणि माती दाबून केलेली, भट्टीत न भाजता वापरायची वीट. अर्जदार एकच माणूस. कंपनी नाही, संस्था नाही. पत्ता लोणी काळभोरचा. पेटंटचं नूतनीकरण पुढे कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळे ते केव्हाच रद्द झालं होतं.

मी मॅडमना विचारलं, "हे मोजायचं का?"

"वीट वापरात आहे?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून घ्या."

त्यांना बहुधा पत्र पाठवा असं म्हणायचं होतं. मी शनिवारी बसने गेले.

का गेले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. वीस वर्षं मी रकाने भरत होते आणि त्यांतली एकही वस्तू हातात घेऊन पाहिली नव्हती, एवढं खरं. हडपसरला गाडीतळावर बस बदलली. पुढच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. टॉवर, कारखाने, मंगल कार्यालयं मागे जात राहिली, मग मध्येच एखादं उसाचं हिरवं शेत यायचं आणि पुन्हा दुकानांची रांग सुरू व्हायची. एप्रिलचं ऊन इतकं पांढरं होतं की सगळं थोडं पुसट दिसत होतं. गावात उतरून दोन ठिकाणी विचारलं. दुसऱ्या दुकानदाराने लगेच ओळखलं. "राखेच्या विटावालं आबा व्हय? कॅनॉलच्या कडनं सरळ जा."

घर बैठं होतं. पुढच्या दोन खोल्या नव्या, गिलावा केलेल्या. मागची एक खोली मात्र उघड्या विटांची, आणि त्या विटांचा रंग लाल नव्हता. पावसाळी ढगासारखा राखाडी होता.

दार एका चाळिशीच्या बाईंनी उघडलं. आबांची सून. मी संस्थेचं नाव सांगितलं, पेटंटचं सांगितलं. त्यांना त्यातलं फारसं काही कळलं नसावं, पण माझा चेहरा उन्हाने लाल झालेला त्यांना दिसत होता.

"आबा डोळ्याच्या डाक्टरकडं गेल्यात ह्यांच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "येतील तासाभरात. तुम्ही आतल्या खोलीत बसा ताई, बाहेर लई तापलंय."

आतल्या खोलीत म्हणजे त्या राखाडी खोलीत. एक सतरंजी, एक लोखंडी कपाट, वर पत्रा आणि पत्र्याखाली बांबूचा तट्ट्या. मी भिंतीला पाठ टेकून बसले. सूनबाईंनी तांब्याभर पाणी दिलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर कुठेतरी पाण्याची मोटार चालू होती, तिचा एकसुरी आवाज येत होता. पाठीला गारवा लागला. आधी वाटलं घाम सुकतोय म्हणून. मग मी तळहात टेकवून पाहिला. भिंतच गार होती.

पुढचं मला आठवत नाही, कारण मला झोप लागली. अनोळखी गावात, अनोळखी घरात, भर दुपारी, पर्स मांडीवर धरून. झोपेत मला आमचा तक्ता दिसत होता, पण त्याच्या रकान्यांतून कॅनॉलचं पाणी वाहत होतं आणि देश त्यात पाय सोडून बसले होते.

जाग आली तेव्हा समोर एक म्हातारे गृहस्थ मांडी घालून बसले होते. पांढरा सदरा, पायजमा, डोळ्यांवर काळा चष्मा. किती वेळ बसले होते कोण जाणे.

मी दचकून सरळ झाले. "माफ करा, मला..."

"लागते झोप," ते म्हणाले. "इथं बसलं की समद्यांनाच लागते. उठवू नको म्हणलं मी हिला."

आबांना काचबिंदू झाला होता. उजेड आणि सावली एवढंच कळायचं. पण बोलायला बसले की माझ्याकडे अशी मान वळवायचे की दिसत नसेल असं वाटू नये. त्यांनी पुण्यात एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून नोकरी केली होती. काचेच्या नळ्या धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, मुलांनी सांडलेलं पुसणं. रोज बसने जायचं, बसने यायचं. गावाकडे त्यांच्या शेताच्या बांधाला लागून तेव्हा वीटभट्टी होती. थंडीत तिचा धूर जमिनीलगत साचून राहायचा आणि थेट घरात यायचा. बायकोला खोकला लागायचा, तो होळीपर्यंत जायचा नाही.

"मग मी आमच्या सरांना विचारलं," आबा म्हणाले. "म्हणलं, सर, वीट भाजायलाच पायजे का?"

त्या प्राध्यापकांनी हसण्यावारी नेलं नाही. सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेची किल्ली दिली. आबा गुऱ्हाळातून राख पिशवीत भरून बसने पुण्याला नेत. राख किती, चुना किती, माती किती, पाणी किती, याची नोंद करत. पाच-सहा वर्षं हे चाललं. सरांनी स्वतः बसून पेटंटचा अर्ज लिहिला. मग विटा तपासायला एका सरकारमान्य प्रयोगशाळेत दिल्या. महिनाभराच्या विटा होत्या. अहवाल आला, पुरेशा मजबूत नाहीत.

"मग?"

"मग काय. सर रिटायर झाले, पुढं वारले. त्यांच्यामागं कागदपत्रं कोण बघणार? उरलेल्या विटांची मी ही खोली बांधली. तवापासनं उभी हाय."

सूनबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आबा, सांगा की, खिळा ठोकताना काय झालं ते."

"काय न्हाई. आधी ठोकला की भसकन् आत जायचा. आता वाकतो."

मी चहाचा कप तसाच हातात धरून राहिले. "म्हणजे वीट नंतर कडक होत गेली?"

"हो की. पण ते कुणाला सांगायचं?"

निघताना त्यांनी मला विचारलं, "ताई, तुमच्या त्या तक्त्यात मी कुठं हाय?"

मी सांगितलं, "भारताच्या ओळीत. ज्या वर्षी पेटंट मिळालं त्या वर्षी आकडा एकाने वाढलाय."

आबा म्हणाले, "म्हंजी मी नसतो, तर एक कमी भरला असता?"

"हो."

"मग बरं हाय," असं म्हणून ते इतके मनापासून हसले, की परतीच्या बसमध्ये गाडीतळ येईपर्यंत मी त्यांचं हसूच ऐकत होते.

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. खोलीत झोप लागली हेही सांगितलं.

"ते अपेक्षित होतं," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एका विटेवरून देशाचा निष्कर्ष काढता येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको."

"नाही काढत. पण ती वीट खरंच मजबूत झाली आहे का, हे तरी बघता येईल."

"बघा. संस्थेची गाडी विटा आणायला मिळणार नाही."

लोणी काळभोरमध्येच कॉलेजं आहेत. त्यांतल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात स्थापत्य शिकवणारी एक तरुण प्राध्यापिका मला ओळखीतून मिळाली. फोनवर तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅम, वॉव! पण एका ब्रिकवर टेस्ट होत नाही. मिनिमम पाच लागतात. आणि रँडम पाहिजेत, म्हणजे चांगल्या बघून काढायच्या नाहीत."

हे मला सुचायला हवं होतं. आयुष्यभर मी दुसऱ्यांना नमुना नीट निवडा म्हणून सांगत आले.

मी पुन्हा गेले. पाच विटा हे ऐकल्यावर सूनबाई उठूनच उभ्या राहिल्या.

"भिंतीला पाच भोकं पाडणार? राहती खोली हाय ताई. ह्या विटा कडक हायत हे आमाला कुणी सर्टिफिकेट द्यायची गरज न्हाई. उद्या भिंत बसली तर कोण येणार? तुम्ही येणार व्हय?"

त्यांचं चुकत नव्हतं. आबा भिंतीवरून हात फिरवत होते. मग ते म्हणाले, "मलाच बघायचंय गं."

"तुम्हाला दिसतंय व्हय आबा?"

"ऐकू येतंय की."

सूनबाई आत निघून गेल्या. भांड्यांचे आवाज जोरात आले. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या त्या हातात छिन्नी आणि हातोडी घेऊनच. "लगेच सिमेंट भरून द्यायचं," एवढंच बोलल्या.

कुठल्या विटा काढायच्या ते आम्ही चिठ्ठ्यांवर ठरवलं. भिंतीचे थर मोजून मी आकडे लिहिले, सूनबाईंनी चिठ्ठ्या उचलल्या. विटा मात्र आबांनी स्वतः काढल्या, कुणाला हात लावू दिला नाही. ते बोटांनी सांधा चाचपत, छिन्नीचं टोक नेमकं तिथे लावत, आणि हलके हलके ठोके मारत. एक वीट निघायला पाऊण तास लागला. राखाडी धूळ त्यांच्या भुवयांवर बसली होती. ठोक्यांच्या आवाजात वेळ कसा जात होता ते कळत नव्हतं. भिंतीतल्या भोकातून एकेक उजेडाचा चौकोन खोलीत येऊन पडत होता, आणि शेवटच्या विटेच्या वेळी आबा त्या उजेडाकडे तोंड करून क्षणभर तसेच थांबले.

चौथी वीट मोरीच्या बाजूची निघाली. तिच्यावर ओल होती, एक कोपरा हाताला पिठासारखा लागत होता. मी आबांकडे पाहिलं. मला वाटलं ते म्हणतील, दुसरी चिठ्ठी काढा. त्यांनी तो कोपरा अंगठ्याने चोळून पाहिला आणि वीट बाकीच्या विटांशेजारी ठेवली.

कॉलेजात विटा आधी दिवसभर पाण्यात ठेवतात. हे मला माहीत नव्हतं. कच्ची वीट पाण्यात ठेवायची म्हणजे तिचा चिखल होणार, असं माझ्या डोळ्यांसमोर यायला लागलं. त्या रात्री घरी बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला तरी मला विटा आठवायच्या. सकाळी सातलाच त्या प्राध्यापिकेचा मेसेज आला. हौदाचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, "पाचही इनटॅक्ट!" मी तो फोटो स्वयंपाक करताना तीन वेळा उघडून पाहिला.

चाचणीला आबा स्वच्छ धुतलेला सदरा घालून आले. सूनबाई त्यांचा हात धरून होत्या. प्रयोगशाळेच्या दारात पाऊल ठेवताच आबा थांबले आणि त्यांनी खोल श्वास घेतला. "लॅब सगळीकडं सारखीच वास मारती," ते म्हणाले. प्राध्यापिकेने त्यांना यंत्राजवळ खुर्ची दिली. वीट दोन पोलादी पाट्यांमध्ये ठेवायची आणि ती फुटेपर्यंत दाब वाढवत न्यायचा. काटा जिथे थांबेल, ती तिची ताकद.

"म्हंजी फुटायलाच पायजे," आबा म्हणाले.

"हो आबा, फोडल्याशिवाय कळत नाही."

पहिली वीट ठेवली. यंत्राचा बारीक गुणगुणल्यासारखा आवाज सुरू झाला. आबा मान एका बाजूला कलती करून ऐकत होते. काटा चढत होता. किती चढला तर पुरे, हे मला आधी सांगितलेलं होतं. त्या खुणेपाशी आला, ती ओलांडून पुढे गेला, आणखी पुढे गेला. प्राध्यापिकेने माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. मग आत काहीतरी कडाडलं आणि काटा मागे आला.

"पुढं गेली का?" आबांनी विचारलं.

"खूप पुढे," मी म्हणाले.

दुसरी तशीच. तिसरी त्याहून चांगली. चौथी, ओल धरलेली, काटा त्या खुणेच्या निम्म्यावर असतानाच भस्सकन् बसली. काही कडाडलं नाही, नुसती माती ढासळल्याचा आवाज आला. आबांना सांगायची गरज पडली नाही.

प्राध्यापिका हळूच म्हणाली, "ही डॅमेज्ड होती. आपण ही डिस्कार्ड करून सहावी घेऊ शकतो, तसं जस्टिफाय करता येईल."

मी उत्तर द्यायच्या आत आबा बोलले. "न्हाई. ती पण लिव्हा. पावसात भिजनार, मोरीजवळ लागनार, माणसं काय वीट कपाटात ठेवनार हायत का? लिव्हा ती."

लिहिली. पाचवी पुन्हा चांगली निघाली. पाचांची सरासरी काढली तरी हव्या असलेल्या ताकदीच्या वर आली. प्राध्यापिकेने सांगितलं की चुना आणि राख एकमेकांशी फार सावकाश जमतात, वर्षानुवर्षं जमत राहतात. महिन्याभरात तपासलं तर काय दिसणार? फक्त कायमची ओल राहिली की हे काम बिघडतं, तेव्हा खालच्या थरांचं काहीतरी करायला हवं. मी विचारलं, "पण चुनासुद्धा भट्टीतच तयार होतो ना? तिथे धूर होतोच."

"होतोच की, मॅम. झीरो नाही म्हणत मी. आख्खी वीट भाजण्यापेक्षा कमी, असं वाटतंय. किती कमी ते प्रॉपरली मोजायला लागेल." तिने जमिनीवरचे तुकडे गोळा करून प्रत्येक विटेचे वेगळ्या पिशवीत भरले. "त्यासाठी प्रोजेक्ट लागेल."

सूनबाई इतका वेळ भिंतीशी उभ्या होत्या. त्या पुढे झाल्या, पहिल्या विटेचा एक तुकडा पिशवीतून उचलला, नखाने खरवडून पाहिला. "बाई," एवढंच म्हणाल्या, आणि आबांच्या सदऱ्यावरची धूळ झटकायला लागल्या.

संस्थेत परत आल्यावर मी मॅडमच्या खोलीत गेले. "आपण अंतर तीन वर्षांचं धरलंय," मी म्हणाले. "का?"

"बाकीचे धरतात म्हणून."

"आणि बाकीचे?"

मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. त्या कधी विचार करताना अशा बघत नाहीत, समोरच्याकडे बघतात. मग म्हणाल्या, "करून बघा. चार वर्षांचं, पाचचं, जितकं मागे जाता येईल तितकं. पण सगळी उत्तरं मला दाखवायची. फक्त आवडलेलं नाही."

त्या पावसाळ्यात मी तेच केलं. बाहेर सर येऊन जायची, खिडकीच्या काचेवर ओघळ राहायचे, आणि मी अंतर एकेका वर्षाने वाढवून तोच तक्ता पुन्हा चालवायचे. चार वर्षांचं अंतर, रेघ तशीच. पाच वर्षांचं, तशीच. पुढे कुठेतरी ती अगदी हलकेच झुकायला लागली, झोपेतल्या माणसाची मान कलते तशी. मी डोळे चोळले. वेळ दोन ते तीनची होती, म्हणून चार वाजता पुन्हा चालवलं. रेघ झुकलेलीच होती. आणखी मागे गेल्यावर मात्र सगळं धूसर व्हायला लागलं, कारण तेवढं मागे गेलं की हाताशी वर्षंच कमी उरतात. आणि काही देशांत कितीही अंतर धरलं तरी रेघ हलत नव्हती. त्यांच्याकडे खर्च होता, पेटंटं होती, पण ती पेटंटं नुसती कागदावर राहिली असावीत, असा आमचा तर्क झाला. तो सिद्ध करायला आमच्याकडे रकाना नव्हता.

मॅडमनी सगळे निकाल ओळीने मांडले, धूसर होते तेही. निष्कर्ष त्यांनी स्वतः लिहिला, अगदी जपून: संशोधनावरच्या खर्चाने उत्सर्जन कमी होत असेल, तर ते आपण धरतो त्यापेक्षा उशिरा होतं, आणि शोध वापरात आल्याशिवाय बहुधा होत नाही. लेख एका नियतकालिकाकडे पाठवला, तो परीक्षकांनी दोनदा परत पाठवला. एकाने विचारलं, अंतर वाढवायची कल्पना कशावरून सुचली? मी मॅडमना विचारलं, काय लिहायचं? "अनुभवावरून, असं लिहा," त्या म्हणाल्या. "झोपेवरून असं लिहू नका."

लेख छापून आला तेव्हा त्याची प्रत घेऊन मी आबांकडे गेले आणि मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली. त्यात विटेचा उल्लेख कुठेच नव्हता. मला त्याचं जरा अवघडल्यासारखं झालं होतं, तसं मी बोलूनही दाखवलं. आबा म्हणाले, "एका विटेवरून देशाचं सांगाल तर लोक हसतील की." मॅडमना ते कधी भेटलेही नव्हते.

प्राध्यापिकेचा प्रकल्पाचा अर्ज पहिल्या वर्षी नाकारला गेला. तिने तो पुन्हा केला. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्याच संशोधन निधीतून लहानसा प्रकल्प मंजूर झाला. विटा दाबून पाडायचं हातयंत्र आलं. कॉलेजच्या सायकल स्टँडची भिंत या विटांची बांधायची, खालचे दोन थर दगडाचे ठेवायचे, आणि पुढे दर वर्षी तिच्यातल्या विटा तपासायच्या, असं ठरलं. लगेच काही निष्कर्ष काढायचा नाही, असं तिने अर्जातच लिहिलं होतं.

विटांचा पहिला घाणा टाकायचा त्या दिवशी मी रजा काढली. कॉलेजमागच्या मोकळ्या जागेत, कडुनिंबाच्या सावलीत राखेचा, मातीचा आणि चुन्याचा ढीग होता. पंधरा-वीस मुलंमुली मोबाइल सरसावून उभी. प्राध्यापिकेने प्रमाण फळ्यावर लिहिलं होतं. आबांना ते दिसत नव्हतं. त्यांनी ओलं केलेलं मिश्रण मूठभर घेतलं, दाबून गोळा केला, हात खांद्याइतका उंच केला आणि सोडून दिला. गोळ्याचे तीन-चार तुकडे झाले.

"आवाजावरनं किती तुकडं झालं?" त्यांनी मुलांना विचारलं.

"चार," एक मुलगी म्हणाली.

"बरोबर हाय पाणी. चिखल झाला असता तर धप्पकन् बसला असता. कोरडं असतं तर भुगा झाला असता. आता तुमी करा."

मग सगळ्यांनी गोळे केले. वीस गोळे उंच उचलले गेले, पडले, कुणाचे चपटे झाले, कुणाचे विखुरले. मुलं हसत होती, आबा प्रत्येक आवाजाला "ओलं", "कोरडं", "बेस" असं ओरडून सांगत होते. मीही चाळण धरली, राख चाळली, यंत्राचा दांडा ओढला. राखेचा एक पातळ पडदा उन्हात तरंगत होता आणि त्यातून मुलं येत-जात होती. मला वाटलं, तक्त्यातला तो एकचा आकडा असा दिसत असेल, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही.

संध्याकाळपर्यंत विटांच्या चार रांगा लागल्या. त्यांच्यावर ओलं गोणपाट पांघरलं. माझे तळहात चुन्याने कोरडे पडून चरचरायला लागले होते. आबांच्या सूनबाईंनी ते बघितलं, मला नळाखाली हात धुवायला लावले आणि पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. "चुन्यात हात घालताना आधी तेल लावायचं असतंय ताई. येवढं शिकलाय तुम्ही, आणि येवढं कसं ठावं न्हाई," असं म्हणत त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन चोळले.

विटांवर महिनाभर रोज पाणी मारायचं होतं. प्राध्यापिका कागदावर पाळ्या लावत होती. सोमवार ते शनिवारच्या पाळ्या मुलांनी पटापट घेतल्या. रविवारी कॉलेज बंद, तेव्हा कुणी तयार होईना. हातांवरचं उरलेलं तेल सूनबाईंनी आपल्या कोपरांना पुसलं, कागद ओढून घेतला आणि रविवारच्या चारही चौकटींत स्वतःचं नाव लिहिलं.